उत्तर चालत येतं

बाई पेशंटला हाक मारायच्या ती एका बांधावरून पलीकडच्या बांधावरच्याला मारावी तशी. माणूस समोर खाटेवर पडलेला असे, डोळे मिटलेले, डोक्याला पट्टी. बाई पायथ्याशी उभ्या राहत, दोन्ही हात पाठीमागे बांधत, थोडा वेळ नुसत्या बघत, आणि मग त्याला घरात ज्या नावाने बोलावतात त्या नावाने हाक घालत. भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीचा त्यात उघड अपमान होता. पण हाक मारून झाली की बाई अशा गप्प होत की ती पाटी त्यांच्यासाठीच लावली असावी. जवळचं कोणी मध्ये बोलायला गेलं तर त्याच्याकडे न बघता एक बोट वर करत. बोट खाली येईपर्यंत कोणी श्वासही मोठ्याने घेत नसे.

"हाक मारलास, मगे गप रव," असं त्या सांगत. "उत्तर चालत येता. ट्रकात बसान येना नाय."

बाई म्हणजे डॉक्टर इंदुमती कोरगांवकर. आमच्याच पेडण्याच्या. मुंबईत शिकल्या, तिथे काही वर्षं नोकरी केली, आणि गोवा मुक्त झाल्यानंतर सगळे शिकलेले मुंबईकडे निघाले होते त्या दिवसांत त्या उलट्या गाडीने डिचोलीला आल्या. एका खाणमालकाने आपल्या मातोश्रींच्या नावाने तिथे इस्पितळ बांधलं होतं. इस्पितळ लहान होतं, नाव मोठं होतं. व्हरांड्यातली संगमरवरी पाटी इतकी लांबरुंद होती की जागा कमी पडली तर तिच्यावर एक पेशंट आरामात निजेल, असं बाई मालकांच्या देखत म्हणत. मालक हसत. बाईंशिवाय इस्पितळ म्हणजे फक्त पाटीच उरेल, हे त्यांनाही कळत असावं.

मुंबई का सोडली असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे. "थंय डोकी बघूक खूप डॉक्टर आसत. हय डोकी जास्त फुटतत." ते खरंच होतं. सुर्ल्याकडून खनिजाचे ट्रक रांगेने येत, रस्ते लाल झालेले, आणि त्याच रस्त्यांवर हातात नवा पैसा आलेल्यांच्या नव्या स्कूटरी. डोक्याच्या आत बघायचं यंत्र आमच्या भागात नव्हतं. बाईंचं यंत्र म्हणजे एक टॉर्च, एक पेन आणि ती हाक.

ती हाक मी पहिल्यांदा ऐकली ती माझ्या वहिनीसाठी मारलेली.

माझा थोरला भाऊ, रघुनाथ, आमचा दादा, सुर्ल्याच्या एका खाणीवर सुपरवायझर होता आणि डिचोलीत बिऱ्हाड करून राहत होता. मी पेडण्याला शाळेत मास्तर. दादा आणि मालतीवहिनी मये गावाहून एक लग्न आटपून स्कूटरवरून परत येत होती. वळणावर कुठल्यातरी ट्रकातून सांडलेली खनिजाची रेती पसरली होती. स्कूटर घसरली. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली वहिनी मोरीच्या कठड्यावर डोक्याने आपटली. दादाला कोपराला खरचटलं तेवढंच, आणि ते त्याला जन्मभर पुरलं.

मी पोहोचलो तेव्हा खोलीत दादाच्या शेजारपाजारचा अर्धा वाडा जमला होता. सगळे एकाच वेळी हाका मारत होते. वहिनी, मी आलंय. मालती, माका वळखलंस? उत्तर यायच्या आत पुढचा माणूस आपलं नाव सांगे. आमच्या आत्याने कपाळाला अंगारा लावला होता आणि तिचे खांदे धरून हलवणं चालू होतं. बाई दारात आल्या, बघितलं, आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आपण सर्वांनी बाहेर बसावं." बाई रागावल्या की शुद्ध मराठीत येत, हे मला नंतर कळलं, वाड्याला ते आधीच ठाऊक असावं, कारण खोली लगेच रिकामी झाली. दादाला नवरा म्हणून ठेवलं. मला ठेवलं ते मी मास्तर म्हणून. मास्तर गप्प बसतील असा त्यांचा समज झाला होता.

मग त्यांची ती रीत मी पाहिली. आधी नुसतं बघायचं. मग हाक. मग थांबायचं. मग खांद्यावर हात ठेवून पुन्हा हाक, पुन्हा थांबायचं. आणि हे सगळं झाल्यावरच दुखवायचं. जे डॉक्टर आल्या आल्या चिमटा काढतात त्यांच्याबद्दल बाई म्हणत, "दार उघडा आसा काय ता बघूचा नाय, आणि कुऱ्हाड घेवन येवचा." वहिनीने हाकेला डोळे उघडले नाहीत. खांद्यावरच्या हातालाही नाही. बाईंनी पेन घेतलं आणि तिच्या बोटाच्या नखावर आडवं दाबलं. दादाने डोळे मिटून घेतले. मी बघत राहिलो. वहिनीचा दुसरा हात उचलला गेला, अंदाज घेत घेत आला आणि ते पेन ढकलू लागला.

बाईंचा चेहरा उजळला. "घरात माणूस आसा," त्या दादाला म्हणाल्या. "मागल्या पडवेर आसा, इतक्याच. हाक पोचता. येवक येळ लागतलो."

तेव्हापासून आमच्या घरात वहिनीची तब्येत या भाषेत सांगितली जाऊ लागली. आज मागल्या पडवीत. आज माजघरापर्यंत आली. कुणी विचारलं तर दादा हेच सांगे, आणि ज्यांना संदर्भ ठाऊक नसे ते आमच्या घराला दुसरं माजघर कधी काढलं याचा विचार करत जात.

बाईंच्या या तपासणीला गुणही होते. डोळ्यांचे वेगळे, बोलण्याचे वेगळे, हातापायांचे वेगळे; बेरीज पंधरा. मास्तर असल्यामुळे मला यात साहजिकच गोडी वाटली. नापास कितीला, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, नापास नाही. प्रत्येक विषयात निदान एक गुण मिळतोच. म्हणजे मेलेल्यालाही तीन? "तीन," बाई म्हणाल्या. "तुमच्या शाळेपेक्षा आमचा काळीज मोठा." मात्र गुण देताना त्यांचा हात कमालीचा आखडता होता. नातेवाइकांच्या आशेपोटी अर्धा गुणही वाढत नसे, आणि त्यांच्या रडण्यामुळे कमीही होत नसे.

दादाला याचा अनुभव तिसऱ्या की चौथ्या दिवशी आला. तो वहिनीचा हात हातात घेऊन बसलेला असे. बाई आल्या तसा तो उठून म्हणाला की ती मला ओळखते, मी बोट दिलं की घट्ट धरते. बाईंनी आपलं बोट वहिनीच्या तळव्यात ठेवलं. वहिनीने ते धरलं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धरूक काय, जल्मलेला पोर पण धरता," बाई म्हणाल्या. "सोड म्हटल्यार सोडता काय, ता बघूया." आणि मग ती बांधावरची हाक. "मालतीऽ, गो मालती! बोट सोड माझा!"

वहिनीने सोडलं नाही. दादाला तेव्हा बाईंचा राग आला होता; एवढं हातात आलेलं सुख त्यांनी काढून घेतलं असं त्याला वाटलं. त्यानंतर तो सकाळ-संध्याकाळ तिला बोट सोडायला सांगत बसे. जगात कुठलाही नवरा बायकोने आपला हात सोडावा म्हणून इतका झटला नसेल. आणि एका सकाळी, मी खिडकीशी उभा असताना, दादाने सांगितलं आणि वहिनीची बोटं एकेक करून उलगडली. डोळे मिटलेलेच होते. आत्या दारात होती. तिने हात सुटलेला पाहिला आणि गळा काढला. दादा मात्र व्हरांड्यातून बाईंच्या नावाने ओरडत पळत सुटला.

त्याच आठवड्यात एक मंत्री इस्पितळ बघायला आले. शेजारची खोली त्यांच्या हस्ते उघडायची होती. ती गेलं वर्षभर उघडीच होती, पण फीत कापलेली नव्हती. हार झाले, भाषण झालं, मातोश्रींच्या पाटीला नमस्कार झाला. मग फोटोवाल्याला घेऊन ते पेशंटांच्या खोलीत आले आणि वहिनीच्या खाटेशी थांबले. वहिनी तोवर हाकेला डोळे उघडू लागली होती, बोलत मात्र नव्हती. मंत्र्यांनी वाकून, फोटोवाल्याकडे बघत विचारलं, "काय ताई, कसं वाटतंय?" आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"साहेब," बाई म्हणाल्या. शुद्ध मराठीत. "प्रश्न आपण विचारला आहे. उत्तर ऐकून जा."

आणि बोट वर केलं.

मंत्री थांबले. त्यांच्या मागचे थांबले. आयुष्यात प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. हारातली एक पाकळी खाली पडली. मालक घाम पुसत होते. इतका वेळ गेला की फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. तेव्हा वहिनीचे ओठ हलले, आणि अगदी कोरड्या आवाजात ती म्हणाली, "पाणी."

अपघातानंतरचा तिचा पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की मंत्रिमहोदयांच्या भेटीने बेशुद्ध महिलेला शुद्ध आली. बाईंनी ते वाचून पेपर माझ्याकडे दिला. "हाका मी मारलंय," त्या म्हणाल्या, "आणि ओ दिल्यान त्येंका."

त्यानंतर वहिनी भराभर सुधारली. स्वतःचं नाव सांगू लागली, डिचोलीत आहोत हे सांगू लागली. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून तिने आपणहून गरम उंडा मागितला, तेव्हा दादाने वाटेतल्या सगळ्या पेशंटांना उंडे वाटले. आता घरी कधी सोडणार एवढंच विचारायचं उरलं आहे असं आम्हाला वाटत होतं.

आणि मग ती दुपार. शाळा सुटल्यावर मी बसने डिचोलीला पोहोचलो तर पाटीखाली जीप उभी, मागे गादी घातलेली. दादा पायरीवर बसला होता. वहिनीला पणजीच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं होतं. डोकं उघडावं लागेल असं बाई म्हणाल्या होत्या. सकाळपासून तिला ग्लानी होती, डोकं दुखत होतं, एकदा उलटी झाली होती. आणि मग बाईंनी प्रश्न बदलला. रोज तेच विचारलं की पोपटही पास होतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून नाव, गाव, वार झाल्यावर त्यांनी वहिनीला नवऱ्याचं नाव विचारलं.

"दोनदा इचारल्यानी," दादा म्हणाला. "माझ्याकडे बघल्यान, आणि तोंड भिंतीकडे फिरवल्यान. बाई म्हणतत, आत रक्त साकळला असतला, इसारली ती." तो थांबला. "इसारूक नाय ती. स्कूटर मी चालवय होतंय. माझा नाव आता तिका तोंडात नको झाला."

दादाकडे बघताना हळूहळू माझ्या दुसरंच काहीतरी ध्यानात येऊ लागलं.

"दादा," मी म्हटलं, "तिणा तुझा नाव कधी घेतल्यान?"

तो पायरीवरून उठला.

"लग्न झाल्यापासून. एकदा तरी?"

घरात तो 'अहो' होता. शेजारणींत 'आमचे हे' होता. मुलगी झाल्यावर 'शैलाचे बाबा' झाला. त्याच्या नावाच्या माणसाला वाड्यात हाक मारायची झाली तर वहिनी त्यालाही दुसऱ्या नावाने बोलवे. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे दादाला जन्मल्यापासून ठाऊक होतं. पण अपराधी माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट आपल्यालाच उद्देशून वाटते.

मी बाईंकडे गेलो. त्या पणजीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहीत होत्या. मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मास्तर, पेपरच चुकलो माझो," त्या म्हणाल्या. "माझ्या जिभेक कोणाच्या नावाची बंदी नाय. म्हणान दुसऱ्याच्या जिभेक आसात, ह्या ध्यानातच इला नाय." बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल त्या बोलल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

मला वाटलं, आता जीप परत पाठवतील. बाईंनी ड्रायव्हरला सांगितलं की इंजिन बंद कर, पण हलू नको. माझी चूक झाली म्हणून तिचं डोकं बरं झालं असं होत नाही, असं मला म्हणाल्या आणि खोलीत शिरल्या. आम्ही मागोमाग.

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई पायथ्याशी उभ्या राहिल्या, बघितलं. हाक मारली. थांबल्या. वहिनीने कूस बदलली, डोळे उघडले. बाईंनी टॉर्चने दोन्ही बाहुल्या पाहिल्या, हात वर करायला सांगितले, खाली घ्यायला सांगितले. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या खाटेजवळ बसल्या. पेशंटशेजारी त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मालती," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक उखाणो घे गो. नवो होयो. लग्नातलो पाठ केललो चलाचो नाय."

वहिनीने डोळे मिटले. बाईंचं बोट वर गेलं.

आम्ही थांबलो. बाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. मी आजवर पुष्कळ परीक्षा घेतल्या आहेत, पण विद्यार्थ्यापेक्षा परीक्षक इतका घाबरलेला पाहिला नाही. बाईंच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती. बाहेर जीपचा ड्रायव्हर खोकला. दादाने दाराची चौकट धरली होती. वहिनीचे डोळे मिटलेलेच. कपाळावर एक आठी आली, गेली, पुन्हा आली. मग ती एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाली,

"इस्पितळाच्या खोलीत पांढऱ्या पांढऱ्या खाटी,
रघुनाथरावांनी स्कूटर हळू हाकावी माझ्यासाठी."

बायका हसल्या. एकीने तर टाळी वाजवली. दादा खिडकीकडे वळला आणि बराच वेळ पाठमोरा राहिला. बाई उठल्या, आणि बोलण्याचे सगळे गुण दिल्याचं त्यांनी नर्सला मोठ्याने सांगितलं. यमकाबद्दल जास्त देता येत नाहीत याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

मग त्यांनी वहिनीला, सकाळी काय खाल्लंस, असं विचारलं. वहिनीने खालच्या मानेने आत्याकडे बघितलं. पेशंट अशक्त झाली म्हणून आत्याने पदराखालून आणून तिला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, चमचमीत सुकं भरवलं होतं. उलटीचा उलगडा झाला. बाई आत्याशी शुद्ध मराठीत काय बोलल्या ते मी लिहीत नाही. मात्र एवढं होऊनही जीप त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दारातच उभी ठेवली.

वहिनी घरी आली. तिची वास ओळखायची शक्ती कायमची गेली. त्यानंतर आमच्याकडे आमटी करपली की शेजारी येऊन सांगत. बाकी ती होती तशी झाली. दादाने स्कूटर विकली नाही. पण तो ती इतक्या हळू हाकू लागला की सायकलवाले पोदेर भोंगा वाजवून पुढे जात.

बाईंनी आपली चूक कधी लपवली नाही. उलट नवा डॉक्टर आला की त्याला ती आधी सांगत, आणि शेवटी म्हणत, "प्रश्न इचारूच्या आधी बघ, उत्तर देवची मुभा आसा काय समोरच्याक." त्या भागातल्या बायकांना डोक्याला मार लागल्यावर उखाणा घ्यावा लागतो, अशी काही वर्षांनी समजूतच झाली. एक म्हातारी पाय मोडून आली होती, तिनेही दाखल होता होता उखाणा घेतला.

मी शाळेत परत गेलो तो एक बोट वर करायला शिकून. वर्गात प्रश्न विचारला की मी पूर्वी लगेच पुढच्या मुलाकडे वळत असे. आता थांबू लागलो. मागच्या बाकांवरची जी पोरं मी ठोंब म्हणून सोडून दिली होती, त्यांतली बरीच मागल्या पडवीत बसलेली निघाली.

बाई निवृत्त होऊन पेडण्याला आपल्या घरी गेल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं की त्यांना अर्धांगाचा झटका आला आहे. मी आणि वहिनी बघायला गेलो. दादा गुडघ्यांमुळे घरी राहिला. बाईंचा भाचा, तोही डॉक्टर, फार निगुतीने त्यांचं करत होता. त्याने दारातच सांगितलं की मावशी आता कोणाला ओळखत नाही, बोलली तर काहीबाही बोलते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

वहिनी पायथ्याशी उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. जरा वेळ नुसती बघत राहिली. मग तिने हाक मारली, "बाईऽ, ओ बाई!" भाचा दचकला. वहिनीने त्याच्याकडे न बघता एक बोट वर केलं.

किती वेळ गेला मला ठाऊक नाही. बाईंचे डोळे उघडले. ते माझ्यावरून फिरले, वहिनीवर आले, आणि तिथेच राहिले.

"मी कोण सांगा," वहिनी म्हणाली.

आम्ही थांबलो. बाईंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शब्द बाहेर आला तो अर्धा त्या बाजूने सांडत.

"स्कूटर."

"बघितलंत?" भाचा हळूच मला म्हणाला. "असंबद्ध." त्याची चूक नव्हती. गुण देणाऱ्याला पेशंटची हकीकत ठाऊक नसेल तर पुरे गुण मिळवलेलं उत्तरही असंबद्धच ठरतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, मग मावशीच्या उशाशी जाऊन बसला, आणि तिला काहीतरी विचारून पहिल्यांदाच थांबला.

निघायची वेळ झाली. वहिनीची डिचोलीला जायची शेवटची बस चुकली असती. बाईंच्या चांगल्या हाताने वहिनीची बोटं धरली होती. वहिनी खाटेजवळच्या स्टुलावरून उठली आणि वाकून म्हणाली, "बाई, हात सोडा आता. येतो आम्ही."

बाईंनी सोडला नाही. वहिनीने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. बाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं, आणि मूठ आणखी घट्ट केली. त्यांच्या तक्त्याप्रमाणे इथे एक गुण जायला हवा होता.

वहिनी परत स्टुलावर बसली. तेव्हा बाईंनी हात सोडला.